हात कुठं पडतो

शिकागोच्या साउथ साइडमध्ये एका छोट्या चर्चच्या तळघरात जे ड्रमर मला भेटले, त्यांचं मी देणं लागते. मी मिक्स इंजिनिअर आहे. माझ्या हातून गेलेली गाणी खूप लोकांच्या कानावर पडतात, पण ती ऐकायची म्हणून कुणी लावत नाही. मालिकेतल्या पाठलागाखाली, ट्रकच्या जाहिरातीत, सामन्याआधी खेळाडू मैदानात उतरताना ती वाजतात आणि अर्ध्या मिनिटात संपतात. आमची छोटी कंपनी अशा वापरासाठी परवान्यावर गाणी देते. त्यातला मोठा हिस्सा ब्लूज रॉकचा: खरखरीत गिटार, पाय आपटून धरलेला ठेका, छातीतून येणारा आवाज. हे संगीत चित्राला ताबडतोब वजन देतं, म्हणून निर्मात्यांना ते सतत हवं असतं. फक्त ते आजचं वाटलं पाहिजे. ते आजचं कसं करायचं, हे मी कॉलेजात शिकले त्याहून कितीतरी जास्त त्या तळघरात शिकले.

मी त्यांना काका म्हणत असे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. चारचौघांत आपलं नाव झळकावं अशी त्यांना कधीच हौस नव्हती. करारावर मात्र ते अचूक अक्षरांत असलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

काका लहानपणी आईबरोबर मिसिसिपीहून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं शिकागोला आले. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसांनी अमेरिकेचा दक्षिण भाग सोडला, त्यांतलं हे एक मायलेकराचं कुटुंब. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार, असं त्यांचं बालपण. त्या बाजारात वादक आसपासच्या घरांतून वायर ओढून अ‍ॅम्प्लिफायरला वीज घेत आणि रस्त्यावरच वाजवत. काका तिथं बादलीवर, खोक्यावर, मग कुणाच्या तरी उसन्या स्नेअर ड्रमवर वाजवायला लागले. पुढं साउथ वर्क्स या पोलादाच्या कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात ड्रम, अधूनमधून कुणाच्या तरी रेकॉर्डिंगला साथ. कारखाना 1992 मध्ये बंद झाला. मी त्यांना भेटले तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती आणि ते फक्त चर्चमध्ये वाजवत होते.

आमची गाठ पडली ती आमच्या बेसवाल्यामुळं. कंपनीला ब्लूज रॉकचा एक संग्रह करायचा होता. ड्रम संगणकावर सॅम्पलमधून बांधले असते तर खर्च बराच वाचला असता. पण या मुलानं हट्ट धरला की आमच्या चर्चमधल्या त्या वृद्ध ड्रमरना एकदा तरी ऐक. मी दोन माइक आणि एक लहान रेकॉर्डर घेऊन गेले. काकांनी गाणं कुठलं, ताल कुठला हे काहीच विचारलं नाही. पैसे कोण देणार, कधी देणार आणि कागदावर कुणाकुणाची नावं येणार, हे आधी विचारलं. उत्तर पटल्यावर कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि वाजवायला बसले.

ते वाजवणं कसं होतं हे सांगायला मला लयीची भाषा लागेल. लहानपणी मी मिरजेत थोडा तबला शिकले होते, त्यामुळं मात्रा नेमकी कुठं आहे हे मला कळत होतं. काकांची किक, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, मात्रेवर पडायची. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर मात्र केसभर मागं राहायचा. घरी येऊन संगणकावर त्या मुद्रणाची ध्वनिलाट मोठी करून पाहिली, तर स्नेअर मात्रेच्या रेषेच्या उजवीकडं दिसला, साधारण 15 ते 20 मिलिसेकंद उशिरा. हा उशीरही दर वेळी सारखा नव्हता. ओळ संपत आली की तो वाढायचा, गाणारा श्वास घेईल अशा जागी कमी व्हायचा. प्रत्यक्षात गाणारं कुणी नव्हतंच. काका मनातल्या मनात कुणाला तरी साथ करत होते.

हल्ली रेकॉर्डिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते की एक कळ दाबली की प्रत्येक ठोका उचलून बरोबर रेषेवर बसतो. ‘आधुनिक’ आवाज म्हणजे हेच, असं बरेच जण धरून चालतात. तो प्रकार कसा वाटतो हे काकांनाच ऐकायचं होतं. मी त्यांच्याच ड्रमची रेषेवर बसवलेली प्रत त्यांना ऐकवली. त्यांनी ती शेवटपर्यंत, अगदी आदरानं ऐकली. मग म्हणाले, “हे चालायला ठीक आहे. नाचायला उपयोगाचं नाही.” आणि पुढं जे बोलले त्यावर माझं आजवरचं सगळं काम उभं आहे: “माझ्या स्नेअरचा आवाज तुला जुना वाटतो ना? मग काढून टाक. दुसरा घाल, हवा तेवढा मोठा घाल. पण माझा हात जिथं पडलाय, तिथंच तो पाड.”

हे तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य आहे. मूळ ठोक्याची वेळ आणि जोर सॉफ्टवेअर ओळखतं, आणि त्या वेळी, त्या जोरानं, दुसराच आवाज वाजवतं. त्यामुळं हात काकांचा राहतो आणि आवाज आजचा होतो. मूळ स्नेअर थोडा खाली ठेवायचा, त्यावर टाळ्यांचा एक थर द्यायचा, लाकडी फरशीवर आपटलेल्या पायांचा दुसरा थर द्यायचा, आणि हे सगळे थर त्याच उशिरानं पाडायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, पाचपन्नास माणसं एका खोलीत आहेत आणि सगळ्यांच्या अंगात एकच लय आहे. शिकागोचे मोठे ड्रमर सॅम ले यांची ‘डबल शफल’ चर्चमधल्या टाळ्यांतून आलेली होती; काका त्यांचं नाव फार प्रेमानं घेत. त्यांच्या लेखी आमचे ते थर म्हणजे काही नवी युक्ती नव्हती. चर्चमध्ये ते दर रविवारी माणसांच्या हातांनीच रचले जातात.

मला आधी वाटलं होतं की एवढा जुना माणूस जुन्या आवाजाचा राखणदार असेल. काका तसे मुळीच नव्हते. आमच्या दोघांत नव्याची भूक त्यांनाच जास्त होती. नातवंडांच्या गाडीत ऐकलेला 808 चा खोल घुमारा त्यांना अतिशय आवडायचा. रोलंड कंपनीनं 1980 मध्ये काढलेल्या त्या ड्रम मशिनची किक लांबवली की ती बेससारखी गाते. हिपहॉपनं त्यावर आपलं घर बांधलं. काका म्हणायचे, मॅक्सवेल स्ट्रीटवर आम्हाला हे मिळालं असतं तर आम्ही दुसरं काही घेतलंच नसतं. ते मला एकेक उदाहरण देत. लिटल वॉल्टरनं हार्मोनिका साध्या माइकला चिकटवून अ‍ॅम्प्लिफायरमधून फोडली आणि 1952 मध्ये ‘ज्यूक’ गाजली. तोवर हार्मोनिका असा आवाज करू शकते हे कुणाला ठाऊक होतं? शिकागोच्याच बिल पटनम यांनी 1947 मध्ये स्टुडिओच्या बाथरूममध्ये आवाज सोडून तिथला घुमारा पुन्हा माइकवर घेतला. मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीहून आले ते साधी गिटार घेऊन, आणि क्लबातल्या गोंगाटाच्या वर ऐकू जावं म्हणून विजेची गिटार हातात घेतली. हे संगीत जन्मल्या दिवसापासून हाताशी येईल ते नवं यंत्र वापरत आलं आहे. त्याला जुनं ठेवण्याचा हट्ट त्याच्या बाहेरच्यांचा आहे, हे काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

808 च्या त्या खोल सुराशी माझी खरी ओळख झाली ती मिरजेच्या आधारानं, म्हणून दुसरं एक ऋण इथं सांगायला हवं. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून जवळ होतं. शाळा सुटली की मी तिथल्या एका कारागिरांच्या दुकानात जाऊन बसत असे. ते तंबोऱ्याची जवारी काढत. घोडीचा माथा कानशीनं इतका अलगद घासायचा की तार त्या उतारावर टेकते न टेकते, आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत नेमकी जागा शोधायची. ती जागा सापडली की सपाट वाजणारी तार एकदम बोलू लागे. मूळ सूर तोच असतो, पण त्याच्या पोटातले वरचे सूर जागे होतात. त्या कारागिरांनी मला कधी हाकललं नाही आणि कधी समोर बसवून शिकवलंही नाही. घासून झालं की फक्त विचारत, “आता?” आणि मी मान हलवेपर्यंत पुन्हा घासत.

आता गाण्याकडं येते. आमच्या संग्रहातली बरीच गाणी गिटारच्या ‘ओपन जी’ जुळणीत होती, म्हणून खालचा बेस ‘जी’वर, म्हणजे सुमारे 49 हर्ट्झवर. एवढा खोल सूर चित्रपटगृहात पोटात जाणवतो, पण फोनच्या स्पीकरमधून तो बाहेरच येत नाही, आणि आज अर्धं जग जाहिराती फोनवर पाहतं. बेसचा आवाज वाढवून काही होत नाही. त्याला थोडा फाडावा लागतो. सॅच्युरेशन दिलं की 49 च्या वर 98, 147, 196 असे सूर जागे होतात. फोन ते वाजवतो आणि आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा, न वाजलेला सूर स्वतःच भरून काढतो. जास्त फाडलं तर चिखल होतो, कमी फाडलं तर बेस गायब होतो. नेमकी जागा शोधताना मी डोळे मिटून गल्लीतलं ते “आता?” ऐकते. जवारी आणि विकृती यांचं शास्त्र वेगवेगळं आहे हे मला माहीत आहे. कान मात्र एकच, आणि तो मिरजेत तयार झाला.

काकांना मी एकदा खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्यांतलं गाणं ऐकवलं. मिरज ही खाँसाहेबांची; तिथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. ते गेले 1937 मध्ये. त्याच वर्षीच्या जूनमध्ये डॅलसला ब्लूजगायक रॉबर्ट जॉन्सन आपली शेवटची गाणी मुद्रित करत होता, तीही तशाच सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीवर. काकांनी खाँसाहेबांचा आलाप ऐकता ऐकता हात वर केला आणि थांबवायला सांगितलं. एका जागेवर बोट ठेवलं: कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठंतरी झुलणारा सूर. “हा माणूस कुठल्या चर्चमध्ये गायचा?” त्यांनी विचारलं.

तो झुलणारा सूर हा या धंद्यात रोजचा प्रश्न आहे. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या गल्लीत फिरतो. गळ्याचे सूर सुधारणारं सॉफ्टवेअर त्याला चूक समजतं आणि ओढून एका खुंटीवर बांधतं. आजच्या कानाला आवाज स्वच्छ लागतो, हे खरं. म्हणून मी बाकीचे सूर हलक्या हातानं नीट करते, षड्ज-पंचम घट्ट करते, पाठीमागचे सामूहिक आवाज तर अगदी काटेकोर बसवते, आणि गंधाराला हात लावत नाही. भोवतालचे सूर स्थिर झाले की तो झुलणारा सूर उलट जास्त उठून दिसतो.

काकांबरोबर मी तळघरात बसून जुने प्रयोग ऐकत असे. शिकागोच्या चेस कंपनीनं 1968 मध्ये मडी वॉटर्सना सायकेडेलिक रॉकच्या वादकांबरोबर बसवून ‘इलेक्ट्रिक मड’ हा अल्बम केला. खुद्द मडींना तो आवडला नव्हता. पुढं हिपहॉपच्या पिढीनं त्याला डोक्यावर घेतलं. काकांना त्यातली गिटार आवडायची, पण ते म्हणत की मडी गातायत तिथं बाकीचे त्यांच्याकडं लक्षच देत नाहीत. माझंही मत तेच आहे. त्याच्या उलट आर. एल. बर्नसाइड. हे मिसिसिपीच्या डोंगराळ भागातले, एकाच स्वरपुंजावर, म्हणजे कॉर्डवर, तासन् तास झुलवणारे गायक. फॅट पॉसम या तिथल्याच कंपनीनं 1998 मध्ये ‘कम ऑन इन’ हा अल्बम काढला, त्यात टॉम रॉथरॉक यांनी त्यांच्या वाजवण्याचे तुकडे उचलून लूप केले आणि खाली हिपहॉपचे ड्रम घातले. त्यातलं एक गाणं ‘द सोप्रानोज’ या मालिकेत वाजलं आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसाचा आवाज अमेरिकेतल्या घराघरांत गेला. त्याच मालिकेचं शीर्षकगीत लंडनच्या अलाबामा 3 चं होतं, आणि त्यात हाउलिन वुल्फच्या गाण्याचा तुकडा घेतला आहे. बर्नसाइड यांचा लूप ऐकताना काका मांडीवर थाप देत. “बघ,” ते म्हणत, “याचा हात हलवलेला नाही.”

या दोन उदाहरणांतून मला एक मोठा व्यावहारिक धडा मिळाला. बारा बारचा ब्लूज, म्हणजे तीन स्वरपुंजांचं ते सर्वपरिचित चक्र, परवान्याच्या बाजारात अवघड जातं. पहिल्या वळणालाच ऐकणारा ओळखतो की पुढं कुठं जाणार, आणि त्याच्या डोळ्यांसमोर शनिवार रात्रीचा बार उभा राहतो. चित्रातला प्रसंग बाजूला पडतो. शिवाय बाराचं चक्र तीस सेकंदांत कापायला अडचणीचं. संकलकाला आठ-आठ बारांचे तुकडे हवे असतात, कुठंही जोडता येतील असे. बर्नसाइड यांच्या डोंगराळ ब्लूजमध्ये एकच पुंज, एकच आवर्तन, आणि सगळी हालचाल आवाजाच्या चढउतारात. त्याला कुठूनही कापता येतं. मडींच्या ‘मॅनिश बॉय’लाही तेच लागू. एकच छोटा रिफ आणि प्रत्येक रिफनंतर मोकळी जागा. 1988 मध्ये लिव्हाइसनं ते 1955 मधलं गाणं जाहिरातीत घेतलं. त्या मोकळ्या जागांत चित्राला बोलायला वाव मिळाला. जे गाणं श्वास घेतं ते जुनं होत नाही, असं मला त्या जाहिरातीनं पटवलं.

मोकळ्या जागेबद्दल मला आणखी एका व्यक्तीनं शिकवलं. लॉस एंजेलिसमधल्या एक म्युझिक सुपरवायझर, म्हणजे चित्रासाठी गाणी निवडणाऱ्या बाई, आमच्या मोठ्या ग्राहक. त्यांच्याशी माझी बहुतेक ओळख फोनवरचीच. त्या कधीच नुसतं ‘नाही’ म्हणत नसत. नाकारलेल्या प्रत्येक गाण्यामागं त्यांचं कारण येई. गिटारचा सोलो माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत असतो, संवाद त्याच्याशी भांडतो, म्हणून सोलोशिवायची प्रत वेगळी दे. शेवट हळूहळू विरून जाऊ देऊ नकोस, एका ठोक्यावर थांब आणि तो ठोका घुमू दे, म्हणजे संकलकाला दृश्य कुठं संपतं ते कळेल. ड्रम, बेस, गिटार, गळा यांचे स्टेम, म्हणजे सुटे ट्रॅक, वेगळे पाठव. शब्दांत गावाचं, माणसाचं नाव नको. पण शब्द इतकेही पोकळ नकोत की कुणालाच काही वाटू नये. आवाज वाढवण्याच्या स्पर्धेत पडू नकोस. अमेरिकेत डिसेंबर 2012 पासून जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्या आवाजात दाखवायला कायद्यानं मनाई आहे, त्यामुळं दाटपणा कमव, मोठेपणा नको. हे सगळं त्यांनी पगाराबाहेर, कामाच्या धबडग्यात सांगितलं. आज माझ्याकडं नव्यानं आलेल्या मुलांना मी हेच सांगते आणि प्रत्येक वेळी त्या बाईंचा हवाला देते.

पण खरं मोठं देणं पैशाच्या हिशेबातलं आहे, आणि तो हिशेब काकांनीच माझ्यापुढं मांडला. गाण्यात दोन मालमत्ता असतात: रचना एक आणि मुद्रण दुसरं. चित्राला गाणं जोडायचं तर दोन्हींचा परवाना लागतो. ते वाजलं की क्यू शीटवर रचनाकारांची, प्रकाशकांची नावं आणि वाजलेले सेकंद भरले जातात, आणि त्यावरून रॉयल्टी वाटली जाते. शीटवर नाव नाही, तर पैसे नाहीत. काकांनी तरुणपणी ज्या मुद्रणांवर वाजवलं, तिथं त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळाली आणि विषय संपला. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचनाकाराला पैसे मिळतात, वाजवणाऱ्याला एक पैसाही नाही. आपण वाजवलेले ड्रम गाडीच्या रेडिओवर ऐकत त्यांनी कारखान्याच्या पाळ्या केल्या.

रचनाकारांची स्थितीही फार बरी नव्हती. आर्थर क्रूडप यांनी 1946 मध्ये मुद्रित केलेलं ‘दॅट्स ऑल राइट’ एल्विस प्रेस्लीनं 1954 मध्ये गाऊन आपली कारकीर्द सुरू केली. क्रूडप 1974 मध्ये वारले तोवर त्यांच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं आलं. विली डिक्सन जास्त खंबीर निघाले. लेड झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’वर त्यांनी 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली, आणि ब्लूजच्या जुन्या रचनाकारांना हक्क मिळवून द्यायला त्यांनी संस्था काढली. 2120 साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या चेसच्या जुन्या स्टुडिओत ती आज आहे. काका मला तिथं घेऊन गेले होते. स्टुडिओपेक्षा त्या कागदांच्या लढाईबद्दल ते तिथं जास्त बोलले. संगीतकार मोबीच्या 1999 मधल्या ‘प्ले’बद्दलही त्यांचं बोलणं तसंच. त्या अल्बममधली सगळी 18 गाणी चित्रपट, मालिका किंवा जाहिरातीला परवान्यावर गेली. त्यातल्या ‘नॅचरल ब्लूज’मधला आवाज व्हेरा हॉल यांचा आहे, अलाबामातल्या, लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या बाई. लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्स यांनी तो टिपला. त्या 1964 मध्ये गेल्या. गाणं अतिशय सुंदर आहे, मी ते वारंवार ऐकते. काका ते ऐकून झालं की एवढंच विचारत, “त्या बाईंच्या घरी कुणाला कळवलं का?”

म्हणून आमच्याकडं गाणं सुरू होण्याआधी कागद भरला जातो. कोण किती टक्के, हे ताल धरण्याआधी ठरतं. ठेका ज्याचा, त्याला रचनेत वाटा, हा नियम मी कंपनीत लावून घेतला. पुष्कळ ठिकाणी ड्रमरला रचनाकार मानतच नाहीत, पण एका स्वरपुंजावरच्या गाण्यात ठेका हीच निम्मी रचना असते. काकांच्या जुन्या मुद्रणांचाही मी पाठपुरावा केला. इंटरनेट रेडिओसारख्या डिजिटल प्रसारणात कायद्यानं 5 टक्के रक्कम साथीच्या वादक-गायकांसाठी राखलेली असते, आणि ती वाटणारा एक निधी आहे. कुणी दावा केला नाही तर ती तशीच पडून राहते. आम्ही दोघांनी बसून त्यांना आठवतील तेवढ्या मुद्रणांची यादी केली, जुन्या वहीतल्या तारखा, क्लबातल्या मित्रांच्या आठवणी ताडून पाहिल्या आणि अर्ज भरले. पहिला चेक आला तो मोठा नव्हता. काकांनी त्याची झेरॉक्स काढून घेतली, मगच बँकेत भरला.

मुंबईत एक गोव्याचे गिटारवादक माझ्या वडिलांचे मित्र होते. त्यांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलत राहिले. हिंदी चित्रपटसंगीताच्या मोठ्या काळात गोव्याहून आलेले किती वादक आणि अरेंजर स्टुडिओंत राबले, आणि तबकडीवर त्यांतल्या किती थोड्यांचं नाव आलं! आपल्याकडं कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून घेता येणार नाही असं केलं, हे फार चांगलं झालं. वाजवणाऱ्याचा प्रश्न अजून बराचसा तसाच आहे, आणि त्यावर आपल्याकडं पुरेसं बोललं जात नाही याची मला खंत वाटते.

काका गेले तेव्हा मी चर्चमध्ये होते. त्या दिवशी ड्रम त्यांच्याच नातीनं वाजवले.

त्यांच्या करारात एक कलम होतं, त्यांनी स्वतः सांगून घालायला लावलेलं: त्यांचे ड्रम दारू, बंदुका आणि निवडणुकीचा प्रचार यांना द्यायचे नाहीत. अशी कलमं आमच्या धंद्यात असतात, पण ती सहसा नावाजलेल्या गायकांची असतात. कंपनीनं काकांचं कलम मान्य केलं याचा मला अभिमान आहे. आता ते हक्क नातीकडं आहेत. मध्यंतरी एका व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी आमचं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं मागितलं गेलं, रक्कम चांगली होती. मी नातीला कळवलं, कारण आता निर्णय तिचा. तिनं नकार दिला आणि त्याच फोनवर तिनं केलेला एक नवा ठेका ऐकवला: ट्रॅपसारखे भरभर हाय-हॅट, खाली सरकत जाणारा 808, आणि स्नेअर आजोबांहूनही मागं. मला तो थोडा जास्तच मागं वाटला, तसं मी तिला सांगितलं. तिला ते मान्य नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बसणार आहोत. टक्के ठरले आहेत, स्नेअर अजून ठरायचा आहे.